फक्त मलाच ओळखणाऱ्या माश्या

नवी सून असताना मी एक थाप मारली आणि त्या थापेनं मला पुढं कित्येक वर्षं न्हावरे गावच्या वस्तीवर, सासरी, दावणीला बांधून ठेवलं. थाप अशी, की मधमाश्या फक्त मलाच ओळखतात. नातींना सांगते तर त्या पोट धरून हसतात. हसण्यासारखीच होते मी.

मधपेट्या आमच्या ह्यांनी आणल्या होत्या, कांद्याचं बी चांगलं भरावं म्हणून. बघायचं काम माझ्या गळ्यात पडलं आणि मला ते भलतंच आवडलं. पेट्या बांधावरच्या बाभळीखाली होत्या; तिथं सासूबाईंची हाक यायची, पण पाय यायचे नाहीत. ती जागा कायमची आपली व्हावी म्हणून एकदा चुलीपुढं मी गंभीर तोंड करून सांगितलं, "माझ्या अंगाचा वास त्यांना कळतो. दुसरं कुणी गेलं की चवताळतात." सगळ्यांनी माना डोलावल्या. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन मी त्या दिवशी एक भाकरी जास्त खाल्ली.

माघात कांद्याचे गोंडे फुलले की माश्या मजेत, मीही मजेत. उन्हाळ्यात मात्र पेट्यांवरची पोती भिजवायची, पावसाळ्यात फुलं नसली की साखरेचं पाणी ठेवायचं. आणि बारा महिने पेट्यांच्या स्टँडच्या पायांखालच्या वाट्या पाण्यानं भरायच्या, नाहीतर मुंगळे पेटीत शिरतात. माझं माहेर दौंडकडं, एसटीनं जवळच. पण जायचं नाव काढलं की सासूबाई हळूच म्हणायच्या, "आन् माश्यांचं कसं? आमाला तर त्या वळखत न्हाईत."

धाकट्या बहिणीच्या हळदीलाही मी नव्हते. लग्नाच्या दिवशी अक्षता पडल्या, जेवले आणि शेवटच्या गाडीनं परत. आई म्हणाली, "ऱ्हा की गं एक दिस." तिला काय सांगणार? केसांतल्या अक्षता पेट्यांपाशी झटकल्या आणि वाट्यांत पाणी ओतता ओतता रडले. खरं बोलायची सोय नव्हती. बोलले असते तर बाभळीखालची सावलीही गेली असती.

पुढच्या उन्हाळ्यात तापानं आडवी झाले. माश्या गेल्याच, असं मी धरून चालले. ताप उतरल्यावर भिंतीला धरत, थांबत थांबत बांधावर गेले, तर वाट्या काठोकाठ, पोती ओली, माश्यांची ये-जा चालू. सावलीत सासूबाई उकिडव्या बसलेल्या, हातात तांब्या.

"आत्या, तुमाला चावल्या न्हाईत?"

"मला कशाला चावत्यात? तुझी थाप मी त्याच दिशी वळखली हुती."

"मग इतकी वर्षं बोलला का न्हाईत?"

त्यांनी उरलेलं पाणी सावकाश पोत्यावर शिंपडलं.

"बोलले असते तर तू माहेरी जाऊन बसली असतीस. मंग हितं भाकऱ्या कुणी थापल्या असत्या?"