उजव्या बरगडीखाली

निकासिया कायिसाया विलापाम्पा गावच्या सरकारी दवाखान्यात एकोणतीस वर्षं काम करत होती आणि एवढ्या वर्षांत तिने एकाही माणसाला "तुझं वजन किती?" असं विचारलं नव्हतं. विचारायची सोयच नव्हती. वजन विचारणारा माणूस अंगातल्या चरबीचा अंदाज घेत असतो, आणि चरबीवर डोळा कोणाचा असतो हे त्या पठारावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. खारिसिरीचा. तो बसमध्ये मुकाट शेजारी येऊन बसतो, हातातली लहानशी घंटा किणकिणवतो, तुमचा डोळा लागतो, आणि तेवढ्यात तो उजव्या बरगडीखालून चरबी काढून घेतो. दुखत नाही, रक्त येत नाही. एक लाल खूण तेवढी उरते, आणि पंधरा दिवसांत माणूस आटोपतो.

शहरातून शिकून ती गावात परत आली तेव्हा तिच्या अंगात पांढरा कोट होता. ज्या वाटेवर ती लहानाची मोठी झाली तिथली दारं धडाधड लागली. सख्ख्या मावशीने अंगावर कुत्रं सोडलं. निकासियाने कोट काढून खुंटीला अडकवला तो कायमचाच. गावातल्या बायकांसारखा घोळदार घागरा, वर काळा स्वेटर, आणि बाळांच्या वजनाला लोकर तोलायचा काटा. आधी बटाट्यांची झोळी टांगायची, मग बाळाची, आणि आईला म्हणायचं, "बघ गं, तुझं लेकरू बटाट्यांना भारी पडलं." कुणाला सुई टोचायची झाली तर आधी स्वतःच्या बोटाला. बोटांची पार चाळणी झाली होती. वर्षातून एकदा राजधानीतले साहेब यायचे आणि टोमॅटो-पालकाची रंगीत चित्रं भिंतीला चिकटवून जायचे. गाव आपलं कसदार धान्य, क्विनोआ, व्यापाऱ्याला विकतं आणि पोरांना तेलात परतलेल्या शेवया घालतं, हे त्यांना कधी दिसलं नाही. साहेबांना भूक लागायची ती शहरात परतल्यावर.

एकदाच तिने घाई केली होती. कालिस्तो पोमा तापाने फणफणला होता, घरचे नको नको म्हणत होते, आणि तिने इंजेक्शन दिलं. तो आधीच हाताबाहेर गेला होता. संध्याकाळी गेला. खारिसिरीने धरलेल्याला सुई लागली की तो वाचत नाही, असं गाव पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलं होतं. आता तिच्याच हातून त्या म्हणण्याला दाखला मिळाला.

ऑगस्टात, तिकडच्या हिवाळ्याच्या शेवटी, जमिनीचं तोंड उघडं असतं आणि खारिसिरी भुकेला असतो. त्या ऑगस्टात तिचा धाकटा भाऊ एउसेबिओ मिनीबसने एल आल्तो शहरातून परत आला. आई गेल्यावर निकासियानेच त्याला पाठीवर वागवून वाढवलं होतं. मिनीबसमध्ये त्याला डुलकी लागली होती. तिसऱ्या दिवशी त्याने अंथरूण धरलं.

ती त्याच्या घरी पोहोचली तेव्हा टळटळीत दुपार होती. भिंतीला टेकून सात-आठ नातेवाईक कोकाची पानं चघळत बसले होते.

"यंदा बटाटा छान वाळलाय," हिलारिओनकाका म्हणाले.

"छानच वाळलाय," बाकीचे म्हणाले आणि हसले.

थोडा वेळ गेला. "यंदा बटाटा छान वाळलाय," काका पुन्हा म्हणाले, आणि सगळे पुन्हा तसेच हसले. ज्याला धरलंय त्याच्यासमोर ते नाव काढायचं नाही, काढलं की जीव सुटतो. म्हणून तीन दिवस ते असेच बसून होते. गावच्या भगताने काळ्या पुडीतलं औषध सूपमध्ये घातलं होतं, तेही रोग्याला न सांगता. अंथरुणातून एउसेबिओ छताकडे पाहत होता.

त्याची बायको बासिलिया दारात आडवी आली. "वन्सं, तुम्ही या. पिशवी बाहेर ठेवा."

"त्याचे डोळे बघितलेस? पिवळेधमक झालेत."

"वाऱ्याने झालेत."

"वाऱ्याने लाल होतात गं."

"तुम्ही शिकलेल्या, तुमच्याशी कोण वाद घालणार? कालिस्तोही शिकलेल्या हातानेच गेला."

निकासियाने पिशवी उंबऱ्याबाहेर ठेवली. भावाचा सदरा वर केला. उजव्या बरगडीखाली लाल खूण होती. पिसवेचा चावाही असेल. तिने बोटं दाबली, आतलं टणक हाताला लागलं, आणि तो किंचाळला. पित्ताशय सडायला लागलं होतं, हे तिला कळलं. आणि तरीही त्या खुणेकडे पाहून तिच्या अंगावर काटा आला, कारण ती जन्मली याच गावात होती. आज इस्पितळात नेलं नाही तर तो मरणार. नेलं आणि तिथे मेला, तर भावाला मारणारी म्हणून गाव तिच्यावर कायमची दारं लावणार. मग पुढची लेकरं कोण तोलणार?

"यंदा बटाटा..." काकांनी सुरुवात केली.

"पुरे!" निकासिया ओरडली. "एउसेबिओ, तुला खारिसिरीने धरलंय म्हणतात हे."

बासिलियाने तोंडावर हात घेतला. एउसेबिओने मान वळवली.

"माहीत आहे, अक्का. मी काय खुळा आहे? तीन दिवस बटाटे ऐकतोय. पण त्याने बसमध्ये नाही धरलं. गेल्या वर्षीपासून धरतोय. तेलकट खाल्लं की इथे येतो आणि पिळतो."

"वर्षभर? मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर वर्षभर बटाटे ऐकावे लागले असते."

निकासियाला रडू आलं आणि रागही आला, स्वतःचाच. इतकी बोटं टोचली, पण भावाला एक शब्द विचारला नव्हता. "मी तुला नेते," ती म्हणाली. "वाटेत डोळा लागू देणार नाही. सुई आधी मला."

त्याने बायकोकडे पाहिलं. "बासिलिया, शाल दे माझी." ती दारातून बाजूला झाली.

अँब्युलन्स होती, पण तिच्यात डिझेल नव्हतं. कधीच नसतं. लामा जनावरांच्या व्यापाऱ्याने पिकअप दिली. मागे मेंढीच्या कातड्यावर एउसेबिओ आडवा झाला, निकासिया त्याला टेकून बसली. चार तासांचा रस्ता. वर पांढरं ऊन, खाली पांढरी धूळ, कुठे घर नाही की गुरं नाहीत. आणि तिथे, रस्त्याच्या कडेने, एक माणूस चालला होता. टोपी डोळ्यांवर ओढलेली, हातात लहानशी घंटा. गाडी त्याला मागे टाकून गेली. तासाभराने तोच माणूस पुन्हा पुढे दिसला, त्याच बाजूने चालताना.

तिने केबिनवर थापा मारल्या. "तो बघितलास का?"

"कोण?" ड्रायव्हर म्हणाला. "आज रस्त्यावर चिटपाखरू नाही."

तिने भावाची शाल घट्ट ओढली आणि त्याच्या बरगडीवर पंजा दाबून धरला. डोळे ताणून ताणून ती रस्त्याकडे पाहत राहिली.

जाग आली तेव्हा दोन्ही बाजूंना शहराची घरं होती. एउसेबिओ घामाने निथळत उठून बसला होता आणि त्याचा पंजा तिच्या बरगडीखाली होता.

"तू झोपलीस, अक्का. मग मी जागा राहिलो."

"किती वेळ?"

"आपण तिसऱ्यांदा त्याला मागे टाकलं तेव्हापासून."

इस्पितळात डॉक्टर खेकसले, "इतके दिवस झोपला होतात का?" सुई तिने आधी आपल्या बोटाला टोचून घेतली; नर्स हसली तर हसली. पित्ताशयातून अकरा खडे निघाले. आणखी एक दिवस गेला असता तर आटोपलं होतं.

महिन्याने एउसेबिओ चालत गावाच्या सभेत आला. मैदानात सगळे जमले होते. त्याने सदरा वर केला. उजव्या बरगडीखाली, नेमकी तिथेच, शिवलेली लांब जखम होती.

"चरबी नाही काढली. हे काढलं," म्हणत त्याने खड्यांची बाटली खळखळवली.

लोकांनी जखमेकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, मग निकासियाच्या हातांकडे. एकेक जण उठून निघून गेला. त्या मैदानात भाऊ जिवंत उभा होता म्हणून ती सुखावली होती, आणि त्याच क्षणी तिला गावाचा मनापासून तिटकारा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दवाखाना उघडायला गेली. कडाक्याच्या थंडीत भिंतीभोवती माणसं उभी होती. रांग नव्हती. प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाठ करून, सहज आल्यासारखा उभा. काका, भगत, शाळेच्या स्वयंपाकीणबाई, नुकतीच लग्न झालेली पोर. प्रत्येकाचा उजवा हात शालीच्या आत, बरगडीखाली.

निकासिया चोविसापर्यंत मोजून थांबली, कारण भिंतीपलीकडून अजून येत होते.

दाराशी बासिलिया होती. "धाकट्याच्या जन्मापासून दुखतंय, वन्सं," ती पुटपुटली. "सांगितलं असतं तर तुमचे भाऊ घाबरले असते."

निकासियाने तिच्या शालीखाली हात घातला. आत टणक लागलं. तिने मागे वळून बाकीच्यांकडे पाहिलं. व्यापाऱ्याच्या पिकअपमध्ये एका वेळी दोघंच आडवे मावत होते.