थेंब न गळणारा हौदा

होडी विकल्यावर बाबा ओटीवरच्या खाटेवर बसला तो बसलाच. गुडघे गेले होते, खलाशी मिळत नव्हते, डॉक्टरांनीही समुद्र बंद सांगितला होता. सगळं रीतसर, एका दलालामार्फत, समजून-उमजून झालं. पण नंतर तो बंदराकडे फिरकला नाही. नवापूरसारख्या मच्छीमार गावात राहून बंदरावर न जाणं म्हणजे जवळजवळ घराबाहेरच न पडणं. आई आणि मी होडीचा विषय टाळायचो. टीव्हीवर समुद्र दिसला तरी आई चॅनल बदलायची.

बाबाला काहीतरी काम लावलं नाही तर हा माणूस खाटेवरच संपेल, याची मला खरोखर धास्ती होती. म्हणून मी ती पिकअप आणली. बोईसरला भंगाराच्या एका वाड्यात ती गवतात उभी होती. जीपच्या नाकाची, माझ्या जन्माच्याही आधीची. मागचा पत्र्याचा हौदा गंजून इतका पातळ झालेला, की बोटानं तुकडा निघत होता. मी आयटीआयला फिटर शिकले, एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. इंजिन, ब्रेक, वायरिंग मी बघणार होते. टेम्पोवर लादून तिला अंगणात आणलं तेव्हा आई कपाळावर हात मारून म्हणाली, "एक म्हातारा काय कमी व्हता घरात?"

पहिले काही दिवस बाबानं गाडीकडे पाहिलंही नाही. मग मी मुद्दाम त्याला ऐकू जाईल असं फोनवर म्हटलं, की हौद्याला प्लायवूड ठोकून टाकते झालं. तो खाटेवरून उठला.

"पिलायवूड? लाज वाटते का तुला? कोनाची पोर हायस तू?"

झालं. दुसऱ्या दिवशी तो वखारीत गेला आणि सागाच्या फळ्या निवडत बसला. वखारवाल्याचा जीव मेटाकुटीला आला असणार. मी रोज कामावरून आले की बाबा अंगणात, अंगभर भुसा, कानाला पेन्सिल. मी इंजिन उघडायची, तो रंधा मारायचा. आमची भांडणं मात्र रंगायची. तो बॉनेटला होडीच्या नाकासारखं नाळ म्हणायचा आणि स्टिअरिंगला सुकाणू. मी दुरुस्त करायला गेले की म्हणायचा, "गाडीला समजला ना, मंग बस." हौद्यात चप्पल घालून कुणी पाय ठेवलेला त्याला चालत नव्हता. त्याच्या होडीत कधी कुणी चपला घालून चढलं नव्हतं. आई चहा घेऊन यायची ती बाहेर उभी राहून कप वर द्यायची आणि पुटपुटायची, "देवळात बी एवढा सोवला नाय."

पण ती खूश होती. मीही होते. बाबा जेवताना बोलायला लागला होता.

हौदा फार सुंदर झाला. फळी फळीला अशी भिडवलेली, की मधून कागद जाणार नाही. तरी जी काही फट राहिली तीत त्यानं सुताचा पीळ ठोकून बसवला, वरून राळ आणि तेल चोपडलं. बाहेरून निळा रंग, काठाला लाल पट्टा. आणि मग त्यानं पाहणी ठेवली. गल्लीतली सगळी जुनी खोडं आली. बाबानं नळी लावून हौदा काठोकाठ भरला. सगळे गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकून बघत राहिले. थेंब गळला नाही. कुणी तोंडात बोट घातलं, कुणी बाबाची पाठ थोपटली. मी, शिकलेली फिटर, मीसुद्धा टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी बादल्यांनी ते पाणी उपसून काढलं आणि तरीही आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

तो पडला माकुणसारच्या वाटेवर. गणपती गेले होते, मावशीकडे सगळे मासळीवर तुटून पडायला जमणार होते आणि मासळी आम्ही नेणार होतो. बोंबील आणि कोळंबीच्या टोपल्या हौद्यात, वर भरपूर बर्फ. स्टिअरिंगवर मी, मधे आई ठेवणीतली साडी नेसून, कडेला बाबा. बोईसरला गर्दीत थांबलो तेव्हा कारखान्याचा एक कामगार सायकल धरून मागे डोकावला आणि म्हणाला, "दीदी, मछली तैर रही है!" मला वाटलं, चेष्टा करतोय. वाटेतल्या माहीम गावापुढे सर आली, चांगली धो धो. गाडी जड वाटायला लागली. केळव्याच्या अलीकडे एक म्हैस आडवी आली आणि मी ब्रेक दाबला.

माझे ब्रेक उत्तम लागले. हौद्यातलं पाणी मात्र थांबलं नाही. केबिनच्या मागच्या खिडकीला काच बसवायची राहिली होती. तिथून एक लाट आत आली आणि आईच्या डोक्यावर फुटली. तिच्या मांडीत बोंबील, केसांत कोळंबी. मग आई म्हणाली, "पन्नास वर्सं दर्याकाठी रायले, कधी बुडले नाय. आज रस्त्यात बुडवलीत मला."

मावशीकडे दिवसभर हसून हसून पोटं दुखली. बाबाही हसला, पण थोडंसंच.

दुसऱ्या दिवशी मी ड्रिल मशीन घेऊन अंगणात गेले. हौद्याच्या चारी कोपऱ्यांत पाणी जायला भोकं पाडायची, पाच मिनिटांचं काम. बाबा आडवा आला.

"भोक नाय पाडायचा."

"बाबा, पाणी जायला नको का?"

"तळाला भोक कोन पाडतो? माज्या हातची फली हाय."

मी समजावलं, मग आवाज चढवला. मला राग आला की तो आवरत नाही, आणि तोही माझाच बाप. शेवटी मी ओरडले, "अरे, ही होडी नाहीये! होडी विकली आपण!"

घरात हे वाक्य तेव्हापर्यंत कुणी उच्चारलं नव्हतं. आई दारात येऊन उभी राहिली. बाबानं माझ्याकडे पाहिलं, आत गेला आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपला. एवढे महिने खपून ज्याला बाहेर काढलं त्याला मीच परत तिथे पाठवलं होतं. ड्रिल मी उचलून ठेवून दिलं. गाडी गंजली तरी चालेल, पण त्या फळ्यांना हात लावायचा नाही, असं ठरवलं.

रविवारी सकाळी खरखर ऐकू आली. बाहेर गेले तर बाबा अनवाणी हौद्यात, गुडघे दुखत असतानाही उकिडवा. आदल्या सरीचं वीतभर पाणी साचलेलं, त्यात पाय. हातात त्याचं जुनं लाकडी दांड्याचं गिरमिट. फळीवर तळहात टेकून तो सावकाश फिरवत होता. भुसा पाण्यावर येत होता. मी जवळ गेले नाही. गिरमिट आरपार गेलं आणि खाली जमिनीवर धार लागली. मला वाटलं, तो तोंड फिरवेल. पण पाणी संपेपर्यंत तो बघत राहिला. मग बाकीचे कोपरेही त्यानंच केले.

हात पुसत त्यानं विचारलं, "कुठं हाय ती होडी आता?"

"सातपाटीला. चालते अजून. रंग नवीन दिलाय."

"तुला ठावं व्हता?"

"आईलापण ठाऊक आहे. तुला त्रास होईल म्हणून आम्ही..."

"मला वाटला, तोडली," बाबा म्हणाला. "म्हनून तुमी बोलत नाय."

एवढे दिवस तो खाटेवर बसून मोडलेल्या होडीचं दुःख करत होता आणि ती तासाभराच्या वाटेवर रोज समुद्रात जात होती.

आईनं आतून चावी आणून माझ्या हातात दिली. तिचे डोळे भरले होते. बाबा एकेक पाय उचलत पुढच्या सीटवर चढून बसला, दार ओढून घेतलं आणि खिडकीतून हात बाहेर काढून पत्र्यावर थाप मारली.

"चल गो," तो म्हणाला, "भरतीला ती बाहेर जायच्या आत पोचू."