आजीच्या ट्रंकेचं कुलूप

गावात कुणाच्या कमरेत उसण भरली की ते माझ्याकडे येतात, पालथे झोपतात आणि लाथ मागतात. मी पायाळू. म्हणजे जगात आधी माझे पाय आले आणि मग सवडीने बाकीची मी. माझ्या लाथेचा लोकांना गुण येतो म्हणतात. माझ्या मायला मात्र काही गुण आला नाही. तिचा जीव जायची वेळ आली होती.

माय म्हणजे बेबाबाई, धुळ्याजवळच्या आमच्या खेड्यातली सून. साल शहाऐंशी, कापूस वेचणीचे दिवस. आदल्या संध्याकाळपासून कळा चालू होत्या, आणि सकाळी सुईण तानुबाईच्या हाताला डोक्याऐवजी टाच लागली. तानुबाईने हात धुतले. "धुये लई जा," ती म्हणाली. "हाई मना हातनं काम नही."

धुळ्याला न्यायचं तर गाडी हवी. गावात जीप एकच, शेजारच्या झुलालभाऊंची, आणि झुलालभाऊंचा आमच्या घराशी अबोला. त्यांचा चांदीच्या मुठीचा अडकित्ता आमच्या ओट्यावर राहिला होता, तो पुन्हा दिसलाच नाही. "आमच्या घरात चोर नाहीत," असं आजीने त्यांना भर गल्लीत सुनावलं होतं. त्यामुळे वडील बैलगाडी आणायला मळ्याकडे धावले आणि इकडे बायकांनी आपला उपाय सुरू केला.

बाई अडली की घरातली प्रत्येक गाठ सोडायची, प्रत्येक कुलूप उघडायचं. घरात काही बांधलेलं राहिलं तर पोटातलं मूलही अडकून राहतं, अशी समजूत. बायकांच्या वेण्या सुटल्या, ज्वारीच्या पोत्यांची तोंडं सुटली, कोठीचं कुलूप निघालं. वासराचं दावंही सोडलं, ते गाईचं सगळं दूध पिऊन बसलं. त्या दिवशी घरात समाधानी असं तेवढंच होतं.

राहिली आजीची ट्रंक. आजी म्हणजे भागाबाई, मायची सासू. ट्रंकेची किल्ली कायम तिच्या कमरेला. आत सोनं असावं असा गावाचा अंदाज होता, आणि आजीने तो कधी खोडला नव्हता.

"अक्का, किल्ली द्या," समोरच्या घरातली कुंदाबाई म्हणाली.

"दवडाई गयी," आजी म्हणाली. हरवलेली किल्ली तिच्या कमरेला लोंबत होती.

बाजेवर मायला हे सगळं ऐकू येत होतं. ती सांगते, मरायचं भय नंतर वाटलं, आधी नुसती तहान लागली होती आणि पाणी कुणी देत नव्हतं. मग पाठीतून अशी कळ गेली की तिला घरातली माणसं ओळखू येईनात. फक्त आजी ओळखू आली, कारण चार वर्षं सगळ्यात जास्त बोलणी तिचीच खाल्ली होती. मायने तिचा हात धरला.

"आत्याबाई, माले वाचाडा."

आजीने कमरेची किल्ली सोडली. मग उठली, ट्रंकेपुढे बसली आणि कुलूप काढलं.

आत सोनं नव्हतं. अडकित्ता होता. कुंदाबाईची पितळी पळी होती. देवळातली एक झांज होती, एकच. शाळेच्या घंटेची हातोडी होती, जी गेल्यापासून गुरुजी घंटा दगडाने वाजवत. आणि तळाशी मायच्या लग्नातल्या पायातल्या चांदीच्या साखळ्या होत्या. त्या पहिल्याच वर्षी हरवल्या म्हणून आजी मायला रोज धांदरट म्हणायची, कधीकधी दोनदा.

"हाई तं मनी पळी!" कुंदाबाई ओरडली आणि सगळ्या बाया ट्रंकेभोवती गोळा झाल्या. तानुबाईसुद्धा गेली. तिचं काही गेलं नव्हतं, पण बघायला काय हरकत. बाजेवर माय एकटीच राहिली.

"आपापलं बठ्ठं लई जा," आजी म्हणाली. "मी चोट्टी शे, बस? पन मनी वहू मरी राह्यनी."

अडकित्ता घेऊन ती मोकळ्या केसांनी झुलालभाऊंच्या दारात गेली आणि तो त्यांच्यापुढे ठेवला. सून मरतेय, जीप काढा, म्हणाली. झुलालभाऊंनी अडकित्ता दोनदा उघडमीट करून पाहिला, खिशात घातला आणि जीप काढली. बोलले मात्र नाहीत. अबोला होता.

वडील बैलगाडी घेऊन दारात पोचले तेव्हा आम्ही मुंबई-आग्रा रस्त्याला लागलो होतो. मायचं डोकं आजीच्या मांडीवर होतं. प्रत्येक खड्ड्याला माय ओरडायची आणि आजी झुलालभाऊंना शिवी द्यायची.

धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला पायांनी बाहेर काढलं. मी निळी पडले होते आणि रडत नव्हते. माय सांगते, आख्खी रात्र कळांत गेली तेवढी लांब वाटली नाही, जेवढी ती गप्प वेळ वाटली. मग मी रडले. मायने तेव्हा कुठे पाणी मागितलं.

आम्ही घरी आलो तेव्हा गल्लीने आजीला नवं नाव ठेवलं होतं. ते मी लिहीत नाही, मला राग येतो. ट्रंक तशीच उघडी होती. ज्याने त्याने आपापलं नेलं होतं, तळाशी फक्त साखळ्या उरल्या होत्या. आजीने त्या काढून मायपुढे धरल्या. मान वर केली नाही.

"तुन्या शेतस. ले."

मायला धड बसताही येत नव्हतं. तिने मला आजीच्या मांडीवर दिलं, साखळ्या घेतल्या आणि वाकून परत ट्रंकेत ठेवल्या.

"यास्ले आठेच राहू द्या, आत्याबाई. मनाकडथून दवडाई जातस."

आजी रडायला लागली. माय रडली नाही. टाके दुखतात, म्हणाली.