आम्ही अमेरिकेला चाललो होतो

आमच्या घरातून अमेरिकेला गेलेलं माणूस एकच, माझी नणंद. पण अमेरिकेचे किस्से तिच्यापेक्षा माझ्याकडं जास्त. जो जातो त्याचं एकदा विमान उडालं की संपलं. जो वर्षानुवर्षं नुसता ‘चाललेला’ असतो त्याच्याकडं ते साचत जातात. भिशीत बायका म्हणतात, सांगा ना तुमचं अमेरिकेचं. मी हसत हसत सुरू करते आणि निम्म्यावर आले की डोकं तापतं. म्हणून आज हसायचं सोडूनच देते आणि जसं झालं तसं सांगते.

नणंद म्हणजे महानंदा अक्का, माझ्या मिस्टरांची मोठी बहीण. नर्सिंग करून तिकडं गेली, तिकडचीच झाली. हे लातुरात जळालेल्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करून द्यायचे. आम्हाला दोन लेकरं, सुषमा आणि तिच्या पाठचा महेश. अक्काला मूलबाळ नव्हतं. दाजी अचानक वारले, तेव्हा तिनं पत्रात एवढंच लिहिलं, ‘शिवा, तू सगळ्यांना घेऊन इकडं ये. मी फॉर्म भरायले.’

आम्ही हो म्हणालो. अमेरिकेसाठी नाही, अक्कासाठी.

*

फॉर्म भरला त्या साली दुष्काळ होता आणि लातूर जिल्हा नवा नवा झाला होता. अक्का आणि हे सख्खे बहीणभाऊ, याचा पुरावा द्यायचा होता. दोघांचा जन्म चाकूरजवळच्या एका खेड्यातला. जुनं दफ्तर सगळं उर्दूत आणि तेही उस्मानाबादला.

उस्मानाबादच्या कचेरीत सांगितलं, “तुमचा जिल्हा आता लातूर. तिकडं जा.”

लातूरच्या कचेरीत सांगितलं, “दफ्तर अजून आलं न्हाई. टेबलंच अजून यायलेत.”

कसाबसा यांचा दाखला निघाला, त्यावर जिल्हा लातूर. अक्काच्या जुन्या पासपोर्टवर जिल्हा उस्मानाबाद. तिकडच्या ऑफिसचं पत्र आलं, की बहीण एका जिल्ह्यात जन्मली आणि भाऊ दुसऱ्यात, तरी गाव एकच कसं? खुलासा करा. यांनी खुलासा लिहिला, ‘गाव जागेवरच आहे. जिल्हा हलला.’ तो काही त्यांना पटला नाही. शेवटी आईनंच मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर सांगायचं ठरलं, की ही दोन्ही लेकरं माझीच.

सासूबाई नऊवारी नेसून, विभूती लावून कोर्टात आल्या. आयुष्यात पहिल्यांदाच. कारकुनानं मजकूर वाचून दाखवला आणि विचारलं, “आजी, ह्यो शिवलिंग तुमच्याच पोटचा का?”

सासूबाईंनी आधी त्याच्याकडं बघितलं, मग यांच्याकडं.

“मी ह्याला जल्म दिला तवा तुझा जिल्हाबी न्हवता, का तूबी न्हवतास,” त्या म्हणाल्या. “आन् तू मला इचारायलास?”

अंगठा दिला, आणि घरी येऊन आधी तो शाईचा अंगठा घासून घासून धुतला. मला तेव्हा हसू आलं होतं. आता नाही येत. एका म्हातारीला तिच्याच लेकराबद्दल शपथ घ्यायला लावतात, त्यात हसण्यासारखं काय आहे?

*

बातमी गल्लीत पसरली आणि आम्ही तिथं राहत असून नसल्यासारखे झालो.

टँकर यायचा. घागरी रांगेत लागायच्या. शेजारच्या कमलबाई, ज्यांच्या बाळंतपणात मी त्यांच्या घरचा सगळा स्वयंपाक केला होता, त्यांनी माझी घागर पायानं बाजूला सारली.

“तुमी कशाला भांडायलाव वैनी पाण्यासाठी? तुमी तर अमेरिकेला चाललाव.”

मी घागर उचलून परत होती तिथं ठेवली. म्हणाले, “कमलबाई, अमेरिकेला जाईस्तोवर तहान लागायचीच की मला.”

बाकीच्या बायका हसल्या, पण त्यांच्यातल्या एकीनंही कमलबाईंना तसं करू नका म्हणून सांगितलं नाही.

यांच्या दुकानात त्याच्याहून वाईट. दुष्काळात बोअरच्या मोटारी रोज जळायच्या, दुसऱ्या दुकानांत गर्दी, आणि जुनी गिऱ्हाइकं आमच्या दारावरून पुढं. एकाला यांनी थांबवून विचारलं, तर तो म्हणाला, “शिवाप्पा, तुमचं काम एक नंबर. पण उद्या तुमी विमानात बसल्यावर मोटर जळाली तर मी कुणाला धरू?”

सुषमाला शाळेच्या नाटकात जिजाबाईंचं काम मिळालं होतं. बाईंनी ते काढून दुसरीला दिलं, का तर ‘ही मध्येच गेली तर?’ ती मध्येच गेली नाही. त्यानंतर त्या शाळेची सगळी गॅदरिंगं तिनं खाली सतरंजीवर बसून बघितली.

*

एका श्रावणात अक्का आली. आठ-दहा वर्षांनी माहेरी आलेली बाई, तिला आईजवळ निवांत बसू द्यावं की नाही? पण सकाळपासून ओटा भरलेला. प्रत्येकाला आपल्या पोराची मार्कं सांगायची होती.

राखीपौर्णिमेला धर्माबादहून एक गृहस्थ आले. मिरचीचे व्यापारी, आमच्या सासऱ्यांच्या कुठल्या तरी लांबच्या नात्यातले. बायको, चारही लेकरं, नारळ, साडी, आणि राखीसुद्धा स्वतःच आणलेली. पाटावर बसून त्यांनी हात पुढं केला. अक्का भिडस्त, तिनं बांधली. ओवाळून झालं तसं त्यांनी हळूच विचारलं,

“ताई, मानलेला भाऊ चालतो का हो तिकडं?”

अक्काच्या हातात अजून निरांजन होतं.

“दादा,” ती म्हणाली, “तिकडं सख्ख्याला पटवून देताना माझी आई कोर्टात उभी राहिली. मानलेल्यासाठी कुणाला उभं करू?”

गृहस्थ जेवून गेले. नारळ आणि साडी मात्र परत घेऊन गेले. अक्का संध्याकाळी सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. म्हणाली, “आई, मला कुणी कशी हायस म्हणून इचारलंच न्हाई बघ.”

*

सुषमा कॉलेजात गेली आणि अक्काचं पत्र आलं. नियम असा होता, की मुलगी एकवीस पूर्ण झाली की आईबापांच्या फॉर्ममधून तिचं नाव गळतं. लग्न झालं तर त्याच्या आधीच गळतं. व्हिसाच्या रांगेतला तुमचा नंबर त्याच्या आधी यावा म्हणून प्रार्थना करा, असं अक्कानं लिहिलं होतं.

माझं माहेर नांदेडचं. माझ्या भावानं तिथलं एक स्थळ आणलं होतं. आम्ही नको म्हणत असताना ती मंडळी लातूरला आलीच. मुलाच्या वडिलांनी सुषमाला ना शिक्षण विचारलं ना आवडनिवड. पोह्याची बशी हातात घेऊन यांना विचारलं, “मुलीबरोबर आमचा मुलगाबी जातो ना?”

यांनी सरळ सांगून टाकलं, “लग्न झालं की मुलगीच जात न्हाई.”

त्यांनी उचललेला घास बशीत परत ठेवला. “मग इतक्या लांब आमाला कशाला बोलवलाव?”

आम्ही बोलावलं नव्हतं. मी ते सांगायला पुढं झाले, तर सुषमानंच बशी त्यांच्या हातातून घेतली आणि म्हणाली, “काका, गार झालेत. राहू द्या.” ती पुन्हा कुणासमोर पोहे घेऊन गेली नाही. लग्न तिनं पुढं स्वतः ठरवलं, आणि चांगलं ठरवलं.

*

भूकंप झाला. आमचं घर उभं होतं, पण भिंतींचा भरवसा नव्हता, म्हणून आम्ही मोकळ्या जागेत पत्रे ठोकून राहत होतो. अक्काला आमचा फोन लागेना. तिनं तिकडच्या ऑफिसात जाऊन विनवणी केली, की माझा भाऊ त्या जिल्ह्यात आहे, त्याचा नंबर थोडा पुढं घ्या.

खिडकीतल्या बाईनं विचारलं, “ते हयात आहेत का?”

अक्का म्हणाली, मला तेच तर माहीत नाही.

“हयात असतील तर त्यांचा नंबर आहे तिथंच राहील,” ती बाई म्हणाली. “नसतील तर आम्हाला कळवा.”

*

मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतून मुलाखतीचं बोलावणं आलं, तेव्हा सुषमाला एकवीस पूर्ण होऊन थोडेच दिवस झाले होते. तरी आम्ही चौघं गेलो. म्हटलं, समोर लेक उभी दिसली तर माणसाला काहीतरी वाटेल.

साहेब गोरा, तरुण, बोलायला सभ्य. शेजारी दुभाषी बाई. साहेबानं कागद चाळले, हसला. बाई म्हणाल्या, “अभिनंदन. आपलं, पत्नीचं आणि मुलाचं मंजूर आहे.”

हे म्हणाले, “आन् ही?”

“त्या आता सज्ञान आहेत. आपण तिथं स्थायिक झालात की त्यांच्यासाठी अर्ज करू शकता.”

“मग किती दिवसांनी येईल?”

बाईंनी साहेबाला विचारलं. साहेबानं खांदे उडवले. “काही वर्षं लागतील,” बाई म्हणाल्या.

सुषमा म्हणाली, “पप्पा, तुम्ही जा. मी होस्टेलवर राहीन.” आवाज अगदी व्यवस्थित होता तिचा. फक्त ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून गुंडाळून तिनं बोट लालभडक केलं होतं.

महेश माझ्याकडं बघत होता. त्यानं वर्गात सगळ्यांचा निरोपसुद्धा घेऊन ठेवला होता.

 हे दुभाषी बाईंना म्हणाले, “साहेबांना सांगा, माझी बहीण तिकडं एकटी हाय, म्हणून मी आलतो. ती एकटी हाय म्हणून आता मी लेकीला एकटं टाकू का?”

बाईंनी ते इंग्रजीत किती सांगितलं मला माहीत नाही. साहेबानं पेन खाली ठेवलं. म्हणाला, नीट विचार करा, लोक यासाठी जन्म घालवतात.

“आमीबी घालवलाव की,” हे म्हणाले आणि पासपोर्ट परत मागितले.

महेश दोन दिवस आमच्याशी बोलला नाही. त्याचा राग मला अजूनही चुकीचा वाटत नाही.

लातूरला आल्यावर यांनी अक्काला फोन लावला. सगळं सांगितलं.  मग अक्का म्हणाली, “माझ्यासाठी यायला निघालास, आन् तुझ्या लेकीला माझ्याच फॉर्मनं गाळलं व्हय रे.” हे रडायला लागले. मी रिसीव्हर घेतला आणि म्हणाले, “अक्का, तुम्ही या. आम्हाला काही येता येत नाही आता.”

*

पुढं अक्का रिटायर झाली आणि खरंच आली, दोन सुटकेसा घेऊन. पण आता ती अमेरिकन नागरिक. सहा महिन्यांहून जास्त राहायचं तर परदेशी माणसाची नोंद करावी लागते. म्हणून अक्का, हे आणि मी, तिघं लातूरच्या कचेरीत गेलो.

तिथले साहेब नवे होते, बाहेरून बदलून आलेले. त्यांनी निळा पासपोर्ट बघितला, इरकलीतल्या अक्काला बघितलं आणि इंग्रजीत विचारायला सुरुवात केली. अक्का म्हणाली, “मराठीत इचारा की. मी चाकूरची हाय.”

साहेब गोंधळले. “मॅडम, परदेशी नागरिकाला इथं कुणीतरी जबाबदार माणूस दाखवावा लागतो. तुमचं सगळं बघेल असा.”

यांनी पुढं होऊन सही केली.

“येण्याचं कारण काय लिहू?”

अक्कानं जरा विचार केला. “लई कट्टाळा आलता म्हणून लिवा.”

“तसं नाही लिहिता येत. पर्यटन लिहितो.” साहेबांनी लिहिलं आणि मान वर केली. “आणि मॅडम, परत कधी जाणार?”

अक्कानं डोक्यावरचा पदर नीट केला आणि यांच्याकडं बोट दाखवलं.

“ते ह्याला इचारा. ह्यानं बोलवलंय मला.”