अकरा हातांवरचा मारुती

हे मी बायकोलाही सांगितलं नाही, गड्या. आणि ती तर माझ्या पोटातलं सगळं उकरून काढणारी बाई होती. आज तुला सांगतो — का सांगतो ते विचारू नकोस, मलाच नीट ठाऊक नाही.

साताऱ्यात माझं पाट्या रंगवायचं दुकान होतं. किराणा, शिंपी, सायकलवाला — अक्षर बघूनच लोक ओळखायचे, हा पेंटरचा हात. जत्रांच्या दिवसांत मात्र बॅटरीवरचं गोंदायचं यंत्र घेऊन मी पलूस, आटपाडीकडे उतरायचो. तिथंही माझी मिजास काही कमी नव्हती. झाडाला टांगलेल्या फळीवर ठसठशीत लिहिलं होतं — एकदा काढलेलं चित्र पुन्हा काढत नाही.

खोटं होतं ते. पाटीवर नक्षी उठवायला आम्ही कागदावर चित्र काढतो, त्याला सुईनं भोकं पाडतो आणि वरून कोळशाची पुडी आपटतो. खाली ठिपके उमटतात, ते जोडले की झालं. डोंगर उचललेल्या मारुतीचा तसा एक कागद माझ्या पेटीच्या तळाशी होता. लढाईची भरती जोरात होती, पलटणीत जाणारी पोरं हातावर मारुती मागायची. तिकडं बघ, दुखेल, असं म्हणायचो आणि पोरानं मान वळवली की पुडी आपटायचो. त्या एका सालात अकरा हात झाले. प्रत्येकाला वाटायचं, हा मारुती माझ्या एकट्याचा. त्यात काय एवढं, म्हणशील? मीही तेच म्हणायचो.

त्या अकरांतला एक बिरू. आटपाडीकडच्या माळावरचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला, नुकतंच लगीन झालेला. ब्रह्मदेशात गेला आणि काही दिवसांनी घरी सरकारी कागद आला — बेपत्ता. म्हणजे मेला की जिता, कुणालाच सांगता येईना. त्याची बायको हौसा कुंकू लावून वाट बघत राहिली.

मग एके दिवशी बिरूचा बाप साताऱ्याला माझ्या दुकानात आला. मुंडाशातून घडी घातलेला कागद काढला. पलटणीतला बिरूचा जिवाभावाचा मित्र, लोणंदचा शिवा, जखमी होऊन परतला होता. त्यानं तिकडं नदीकाठी एक प्रेत बघितलं होतं. तोंड ओळखू येत नव्हतं, गळ्यात नाव-नंबराचा बिल्ला नव्हता, पण हातावर मारुती होता. शिवानं तो आठवून पेन्सिलीनं काढून दिला होता, आणि म्हणाला होता, मी खात्रीनं सांगत नाही, गोंदणाऱ्यालाच विचारा. भला माणूस.

शेपटीचा वळसा, डोंगरावरची तीन झाडं — माझाच मारुती. म्हाताऱ्यानं विचारलं, “आवं पेंटर, ह्यो माज्याच पोराचा व्हय? का आनी कुनाच्या हातावर काडलाय तुमी?”

अकरा जणांच्या, बाबा. एवढंच म्हणायचं होतं. काय अवघड होतं त्यात? पण दुकानात एक नाटक कंपनीवाला बसला होता, मोठ्या पडद्याचं काम घेऊन आलेला. आपण नकला मारत नाही म्हणून त्याच्यापुढं मघाशीच मी शेखी मिरवली होती. जीभ रेटेना. मी म्हणालो, “बिरूचाच. दुसरा काढलाच न्हाई.”

म्हाताऱ्यानं कागद पुन्हा मुंडाशात खोचला. मग त्यानं बिरूचा एक लहानसा फोटो पुढं केला, भिंतीवर लावायला मोठं चित्र करून द्या म्हणाला. दिलं करून. चेहरा जलरंगात रंगवला. सांगलीच्या एका फोटोवाल्याकडे मी पायपंपाचा फवारा मारायला शिकलो होतो, त्यानं मागे ढग उठवले — मेलेल्या माणसामागे आम्ही ढगच काढायचो. वाईट वाटलं का, विचारशील. नाही. उलट ढग झकास जमले म्हणून बरं वाटलं मला. लाज वाटते हे सांगताना.

हौसानं कुंकू पुसलं. त्यांच्यात चाल होती, त्याप्रमाणे वर्षभरानं धाकट्या दिराशी तिचा पाट लागला. मुलगी झाली.

लढाई संपली आणि बिरू आला. जपान्यांच्या कैदेत होता. वाळून काटकी झालेला, पण जिता. घरात पाऊल टाकलं तर भिंतीवर आपलंच चित्र, हार घातलेलं, आणि समोर हौसा, कडेवर भावाची लेक. भांडला नाही तो. दोन दिवस राहिला आणि घर सोडून निघाला. सगळ्यात आधी आला तो माझ्याकडे.

त्यानं बाही वर केली. मला वाटलं, आता हा माझं नरडं धरतो. पण तो अगदी हळू बोलला. “पेंटर, खरं सांगा. शिवा म्हनतो, त्येनं मारुती बघितला. असा मारुती आनी कुनाला काडलावता का?”

या खेपेला नाटकवाला नव्हता. दुकानात कुणीच नव्हतं. तो आणि मी.

“न्हाई,” मी म्हणालो.

त्यानं बाही खाली केली. माझ्या उत्तरातून दुसरं काय निघत होतं? शिवानं काही बघितलंच नव्हतं, त्यानं रचून सांगितलं आणि आपलं घर मोडलं, असं बिरूनं धरून घेतलं. मागाहून कळलं, शिवा दोनदा त्याला भेटायला गेला, बिरू बाहेर आला नाही. शिवा पुढं वारला तो मित्राच्या लेखी खोटारडा म्हणूनच.

आणि नदीकाठी पडलेला तो पोरगा? उरलेल्या दहांतला कुणीतरी. त्याच्याही घरी बेपत्ता लिहिलेला कागद आला असणार, त्याचीही कुणी वाट बघत असणार. त्या दहांपैकी सात जणांची गावं मला ठाऊक होती. सायकलवरून आठवड्याभरात सगळी हिंडून झाली असती. मी एकाही गावाला गेलो नाही.