चांदावरचं कार्ड

आता माझ्या मूर्खपणाचे नमुने पुष्कळ आहेत, पण सासऱ्याला दवाखान्यातली खाट न् खाट बघायला लावणारा जावई मी एकटाच असेन. हा किस्सा माझी बायको, सुमन, फार रंगवून सांगायची. आता मलाच सांगावा लागतो.

रशियानं आभाळात उपग्रह सोडला, तेव्हाची गोष्ट. मी चंद्रपूरकडच्या मूल गावी धानाच्या गिरणीत इंजिनावर होतो. एकदा का इंजिन ठकठकायला लागलं, की कोंड्याच्या वासात नुसतं बसून राहायचं. मग मी वर्तमानपत्रांतल्या चित्रमालिका वाचायचो. एका मासिकात वाचलं, की जपानी लोक तीन ओळींत कविता संपवतात. हायकू म्हणे. म्हटलं, एवढं तर आपल्यालाही जमेल. मग काय, चित्र काढायचं, खाली तीन ओळी. विषय एकच, अंतराळ. दिवसाला चार-चार व्हायचे!

सुमन तेव्हा माहेरी, धानोऱ्याला. मला करमेना. तिला एक कार्ड टाकलं. त्यावर काचेची गोल टोपी घातलेला मी, आणि खाली:

चांदावर उतरलो
पाय जमिनीला टेकेना
तू लवकर ये

चंद्रावर माणूस तरंगतो, हे मी वाचलं होतं. धानोऱ्याच्या पोस्टमननं कुठून वाचलेलं असणार? आणि चंद्रपूरला त्या काळी चांदा म्हणायचे. त्यानं अंगणात उभं राहून मोठ्यानं वाचलं, "चांद्यावर उतरलो." झालं. जावई चांद्याला बसमधून उतरताना पडले, पाय मोडला. शंका नको म्हणून चित्र पाहिलं, तर डोक्याला हे एवढं बँडेज.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, रडणाऱ्या सुमनला घेऊन तसेच निघाले. बैलगाडी, वैनगंगेवर डोंगा, मग बस. बस मूलला थांबली, पण हे उतरतील कशाला? जावई तर चांद्याला! तिथल्या दवाखान्यात एकेका खाटेपाशी जाऊन तोंडं पाहिली. मी कुठंच नाही. सुमनचा धीर सुटला. शेवटी माझ्या खोलीवर काही कळतं का बघायला दोघं मूलला परत आले.

दार मीच उघडलं.

मामाजींनी आधी माझे पाय पाहिले, मग डोकं. त्यांच्या हातात हाड सांधायचा पाला होता. सुमनचे डोळे सुजलेले. मी चाचरत सांगितलं, की ती कविता होती, चंद्रावरची, गंमत म्हणून.

मामाजी खाली बसले. तांब्याभर पाणी प्याले. मग लेकीकडं वळून शांतपणे म्हणाले, "चूक माहीच हाय, पोरी. लग्नाआधी सगळी चौकशी केली. दारू पेते का, पत्ते खेळते का. कविता करते का, हे इचाराचं राहूनच गेलं."