बेचाळीस ठोके

आमच्या ह्यांना कुणी विचारलं, व्यायाम करता का, तर हे साफ नाही म्हणायचे. सव्वीस वर्षं वल्ही ओढून तलावाच्या या काठाची माणसं त्या काठाला नेली, तरी नाही. काम वेगळं, व्यायाम वेगळा, असं त्यांचं म्हणणं.

पूल झाला आणि आमची नाव बसली. मग त्याच काठावर क्लब निघाला. निमुळत्या रंगीत होड्या आल्या, आणि सुट्टीच्या दिवशी त्या वल्हवायला खाऊनपिऊन सुखी माणसं यायला लागली. होड्या पाण्यात उतरवायच्या, धुवायच्या, कुणी उलटलं तर बाहेर काढायचं, यासाठी ह्यांना ठेवलं. लोकांचे बूटसुद्धा हेच सांभाळायचे. मला ते फार झोंबायचं. हे म्हणायचे, पाणी तर तेच आहे ना.

त्या क्लबात एक वाद दोन वर्षं चालला होता. तिथला कोच म्हणायचा, वल्हं मारणं म्हणजे कार्डिओ, हृदयाचा व्यायाम. एक बँकवाले साहेब होते, ते म्हणायचे, छे, दंड बघा, पाठ बघा, हा ताकदीचाच व्यायाम. रोज चहाबरोबर हेच दळण. घरी येऊन हे दोघांच्याही नकला करायचे आणि हसून हसून माझं पोट दुखायचं.

त्याच सुमारास ह्यांना चक्कर यायला लागली. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. जिना चढताना हे मधेच थांबायचे आणि खिशात किल्ली शोधायचे. किल्ली ह्यांच्याकडे कधी नसायचीच, ती माझ्याकडे असायची. एकदा जेवताना हातातला पेला सुटला. महिनाभर मी डोकं खाल्लं, दोन दिवस अबोला धरला, तेव्हा कुठे हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडे जायला तयार झाले. मंगळवार, साडेदहा, असं कार्ड आणून मीच त्यांच्या खिशात घातलं.

सोमवारी कोचने नाडी मोजणारं घड्याळ आणलं. काकांनी जन्मभर वल्हं मारलंय, आता त्यांचं हृदयच निकाल देईल, म्हणाला आणि ह्यांच्या मनगटाला बांधलं. बसल्या जागी ठोके आले बेचाळीस. मग ह्यांना पलीकडच्या काठापर्यंत वल्हवत जाऊन यायला लावलं. परत आले तेव्हा अठ्ठेचाळीस.

"बघा, हे खेळाडूचं हृदय," कोच सगळ्यांना म्हणाला. "एवढं वल्हवलं तरी जागचं हललं नाही."

साहेबांनी हार मानली. टाळ्या झाल्या, फोटो निघाला. कोचने काहीतरी लिहायला कागद मागितला, तेव्हा ह्यांनी खिशातलं तेच कार्ड पुढे केलं.

घरी आले ते छाती पुढे काढून. आता कशाला हवा डॉक्टर, म्हणाले. चक्कर म्हणे उन्हाची. आणि मी? महिनाभर हात धुऊन मागे लागलेली मी, त्या संध्याकाळी विरघळले. जन्मभर ह्यांना लोक नावाडी म्हणत आले, आज कुणीतरी खेळाडू म्हणालं होतं. जाऊबाईंना फोन करून मी ते जरा मोठ्यानेच सांगितलं. लगेच दुसरा फोन दवाखान्यात केला, आणि मंगळवारची वेळ रद्द केली. ह्यांनी नाही, मी.

अकराव्या दिवशी खांद्यावर होडी असताना हे धक्क्यावर कोसळले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

डॉक्टरीणबाईंना मी ते कार्ड दाखवलं, घड्याळाचं सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"खेळाडूचा ठोका बसल्यावर कमी असतो," त्या म्हणाल्या, "पण काम केलं की चढतो. यांचा चढलाच नाही. तोच तर आजार होता."

मंगळवारी आलो असतो तर, असं मी विचारलं. छातीत एक लहानसं यंत्र बसवतात, एवढंच त्या म्हणाल्या आणि टेबलावरचे कागद सारखे करत राहिल्या.

पुढच्या आठवड्यात कोच आणि साहेब घरी आले. ह्यांचा फोटो त्यांनी क्लबाच्या फाटकावर मोठा करून लावला होता, खाली लिहिलं होतं, वल्हं मारा, हृदय मजबूत ठेवा. तो आता काकांची आठवण म्हणून कायमचा ठेवू, म्हणाले. कोच रडला. खोटं कशाला बोलू, मनापासून रडला. मी दोघांना चहा दिला.

"मग काय ठरलं तुमचं?" मी विचारलं. "हृदयाचा की ताकदीचा?"

फोटो उतरवा, एवढं सांगून मी त्यांना वाटेला लावलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी उतरवला. त्यांची चूक फाटकावर होती, निघाली.

कार्ड माझ्याजवळ आहे. एका बाजूला, बेचाळीस, शाब्बास काका. दुसऱ्या बाजूला, मंगळवार, साडेदहा, आणि खाली दवाखान्याचा नंबर. तो बघूनच मी फोन लावला होता.